अनोळखीच्या जागी

सून: आई, आता कुठं निघालात?

सासू: पाणी पिऊन येते जरा. घशाला कोरड पडलीय.

सून: आत्ताच तर प्यायलात. नंबर आलाय आपला, चला खिडकीशी.

कारकून: मृत्यूचा दाखला ना? तुम्ही त्यांच्या कोण?

सून: मी बायको. या त्यांच्या आई. हे ट्रक चालवायचे. तीन वर्षांपूर्वी पुरात पुलावरून ट्रक खाली गेला. क्लीनर सापडला, हे नाही सापडले.

सासू: नाही सापडला ना? मग दाखला कसला?

सून: आई, पोलिसांचं पत्र वाचून दाखवलं ना मी? साहेब, हे बघा. तेव्हा खाली धरणापाशी एक प्रेत मिळालं होतं. आता आईंच्या रक्ताशी जुळलंय.

कारकून: थांबा, नोंद काढतो... हां, सापडली. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस. इथं नाव घालायचंय. रक्त आईंचं, तेव्हा जबाबावर सहीही आईंचीच लागेल. या मावशी, पुढं या.

सासू: रक्ताचं काय घेऊन बसलात? दवाखान्यात एकदा माझा रिपोर्ट भलत्याच बाईला दिला होता.

कारकून: खूणही लिहिलीय, मावशी. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली.

सून: आई? आई, टेका जरा इथं.

सासू: शाळेत पोरं बदक म्हणायची त्याला. रडत घरी यायचा... सोड मला. जीव घुसमटतोय इथं.

कारकून: मावशी, मागं रांग आहे हो.

सून: पाच मिनिटं द्या, साहेब. यांना मोकळ्या हवेत नेते.

(दोघी जिन्यापाशी येतात.)

सून: काय चाललंय, आई? घर त्यांच्या नावावर. मागची भिंत कधी बसेल नेम नाही, आणि नाव बदलल्याशिवाय विटेला हात लावता येत नाही.

सासू: भिंतीसाठी आलोय होय आपण?

सून: मग कशासाठी?

सासू: तो दवाखान्यातला कंपाउंडर सारखा घरी येऊन माझं बीपी बघतो. एवढं बघण्यासारखं काय आहे गं माझ्या बीपीत?

सून: आई...

सासू: हे केस काय उन्हानं पांढरे झाले?

सून: मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना.

सासू: का?

सून: का म्हणजे? कोणत्या तोंडानं हो म्हणू? तुम्ही अजून रात्री दाराला कडी लावू देत नाही. कधीही येईल म्हणता.

सासू: सही केली की तो गेला. मागोमाग तूही जाशील. मग कडी लावली काय, न लावली काय, मला विचारायला घरात कोण उरणार?

सून: मी जाते म्हटलं का कधी?

सासू: नाही म्हटलंस. तेच तर खातंय मला. भांडली असतीस तर बरं झालं असतं. माझ्या एका सहीपायी तू लटकून राहिलीस, ना इकडची ना तिकडची, आणि वर माझ्या गोळ्या सांभाळतेस.

सून: रडू नका ना. लोक बघताहेत.

सासू: बघू देत. इथं सगळे कुणी ना कुणी गेलं म्हणूनच आलेत. चल खिडकीशी.

कारकून: बरं वाटतंय का, मावशी? इथं सही करा.

सासू: करते. आधी ते 'अनोळखी' खोडा.

कारकून: खोडता येत नाही. शेजारी शेरा मारून नाव लिहितो.

सासू: मग ठळक लिहा. आई जिवंत असताना अनोळखी कसला?

कारकून: लिहितो. दाखल्याच्या प्रती किती देऊ?

सून: एक पुरे.

सासू: दोन द्या, साहेब. एक घराच्या कामाला. दुसरी हिला लग्नाच्या नोंदणीला लागेल.