मागच्या पायाचा आंगठा

न्हाय न्हाय, नाखवा, बसा हो — वाईट कोण बोलतोय? मी हरेश्वरबद्दल एक वाकडा शब्द काढला? काढला असंल तर जीभ झडो माझी. तुमी थेरोंड्याहून खाडी वलांडून, यस्टीचे धक्के खात मुरूडला आलात, पोरीचा बाप म्हणून चौकशी करताय — बरोबर हाय, करायलाच पायजे, पोरगी काय रस्त्यावर पडलीय? मुलगा देशाच्या टीममधनं फुटबॉल खेळतो, परदेशात जाऊन आला, मुंबईला मिलमधे नोकरी, पेपरात फोटो — सगळं हाय, मी कुठं न्हाय बोलतो? मी आपलं येवढंच बोललो की बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकतात ना, तो थ्रो टाकताना तो मागचा पाय उचलतो. बास. आता ज्याचा पाय जागेवर ऱ्हात न्हाय, त्याला तुमची केसर द्यायची का न द्यायची, ते तुमी बघा.

हसताय? हसा. गुणाजीच्या हाटेलात पण असेच हसले सगळे. रेडिओवर मॅच लागली होती — इंग्रजीत बडबड, कुणाला काय कळतंय, शाळेचे मास्तर पेटीला कान लावून बसलेले, ते सांगणार आन आमी ऐकणार. आपली टीम त्या दिवशी काय खेळत होती म्हणता, ऐकवत न्हवतं — डावीकडचा गडी, त्याला बॉल मिळाला की बाहेर, मिळाला की बाहेर. मधला एक होता तो नुसता पडतोय, पाय हायत का भेंड्या. गोलकीपर तेवढा उभा होता म्हणून अब्रू ऱ्हायली. आन शेवटाला शेवटाला मास्तर ताडकन उठले — हरेश्वर! थ्रो! लांब! गोलाच्या तोंडात! गोल! — झालं. गुणाजीनं सगळ्यांना चा फुकट. येरवी साखर मोजून घालणारा माणूस, नाचत होता अक्षरशः. मी एकटा बसलेला. मी विचारलं, मास्तर, मागचा पाय उचलला का? मास्तर बोलले, कोंडाजी, रेडिओवर पाय कसा दिसणार? मी बोललो, तुमाला न्हाय दिसणार. मला दिसला.

आन गोल त्यानं मारला तरी का? सांगा ना. थ्रोवरनं सरळ गोल होतच न्हाय, नियम हाय तसा — कुणीतरी डोकं लावलं, त्या बिचाऱ्याचं नाव गावात कुणाला म्हाईत न्हाय, आन पेढे वाटले हरेश्वरच्या नावानं! मी हे बोललो तर गुणाजी माझ्या अंगावर आला. बोलतो, पाय उचलला असता तर रेफ्रीनं शिट्टी मारली नसती? मी बोललो, रेफ्री बॉलकडं बघत असंल. तो बोलतो, टाच उचलली तरी चालते, आंगठा टेकलेला पायजे, पुस्तकात लिवलंय. मला सांगतो! मला! ज्याच्यावर दोनदा शिट्टी वाजली त्याला टाच आन आंगठा शिकवतो. दिवाबत्ती झाली तरी भांडत होतो आमी. शेवटी त्याच्या बायकोनं बाकडी उचलली तवा उठलो.

माझ्यावर का वाजली? ती गोष्ट येगळी हाय. ऱ्हाऊ द्या ती. — न्हाय, आता विचारलंतच तर ऐका. ती फेक हरेश्वरची न्हाय, माझी हाय. तुमी कोळी माणूस, तुमाला सांगाय नको — पाग टाकताना काय करतो आपण? जाळं खांद्यावर घेतो, कमरेत पीळ देतो, आन सोडताना मागचा पाय उचलतो. न्हाय उचलला तर पाग उघडंल? गोळा होऊन पडंल पाण्यात. माझ्या बानं तसंच शिकवलं, त्याच्या बानं त्याला तसंच. मी तीच फेक बॉलला लावली. मी साईडलाईनवरनं टाकला की बॉल थेट गोलासमोर. अख्ख्या किनाऱ्यावर कुणाला जमत न्हवतं. हरेश्वरला मी शिकवलं — वाळूत उभा करून, कमरेला धरून. त्याला धड बॉल धरता येत न्हवता तवा!

आन मग अलिबागची मॅच. मुंबईचे मिलवाले त्यांच्या टीमसाठी गडी बघाय आलेले. मी पयला थ्रो टाकला — तुमाला सांगतो, असा गेला, लोकांनी टोप्या उडवल्या — आन शिट्टी. फाऊल थ्रो. का? तर मागचा पाय हवेत. बॉल दुसऱ्या टीमला. परत टाकला, परत शिट्टी. पाय ऐकंच ना हो! लहानपणापासनं पाग टाकलेला पाय, तो काय रेफ्रीच्या बापाचं ऐकणार? मग आमच्या कप्तानानं मला मागं घेतलं आन बोलला, हरेश्वर, तू टाक. त्यानं टाकला. माझीच फेक, माझाच पीळ — शिट्टी न्हाय. मिलवाल्यांनी त्याला तिथंच इचारलं, मुंबईला येतोस का. मला कुणी पाणी पण इचारलं न्हाय.

कशी वाजंल त्याच्यावर शिट्टी? म्हयनाभर आधीपासनं गडी ओहोटीला वल्या वाळूत जायचा. मागच्या पायाचा आंगठा वाळूत रुतवायचा, वरनं वाळू थापायची, आन टाकत बसायचा — आंगठा सुटला की परत पयल्यापासनं. येड्यागत. बायका हसायच्या. मला पण बोलवायचा ना! रोज दारात येऊन — कोंड्या, चल, नियम वाचलाय मी, पाय टेकलेला पायजे, चल दोघं करू. मी गेलो न्हाय. का जाऊ? मीच शिकवायचं आन त्यानंच मला दुरुस्त करायचं? रेफ्रीच्या शिट्टीपायी मी बापाची फेक बदलू?

… म्हणजे आता उचलत न्हाय का? तसं नव्हं. मी काय बोललो? — ते सोडा. दुसरं इचारा. दारू? दारू कसला पितोय तो! बंदी हाय म्हणून न्हाय, शिमग्याला आमी सगळे लपूनछपून घेतो, हा बसतो चणे खात. असल्या जावयाला घेऊन काय करणार तुमी? आन घरी आला की आईची पाण्याची कळशी ह्याच्या खांद्यावर. देशाच्या टीमचा माणूस! लाज वाटत न्हाय. मागं माझी आई तापानं फणफणली, मी होडीवर, तर ह्यानं तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. कुणी सांगितलं होतं? मी आलो असतो ना संध्याकाळी. आता म्हातारी उठता बसता हरेश्वर, हरेश्वर. एकदा तिला बोललो, मला जन्म दिलास का त्याला? तर बोलते, त्याला दिला असता तर बरं झालं असतं. हसत बोलली, मस्करीत बोलली. पण बोलली.

काय? उठलात का? — काय बोललात? परत बोला. कुणी सांगितलं माझ्याकडं यायला? हरेश्वरनं? त्यानं सोता? … “गावात सगळे गोडच बोलतील, खरं काय ते कोंडाजीला इचारा” — असं बोलला?

असं बोलला.

बघा. बघा कसा हाय तो, नाखवा. माणसाला नीट जळू पण देत न्हाय.

आता माझ्या तोंडाकडं काय बघताय? द्या. द्या पोरगी, डोळे मिटून द्या, सुखात ऱ्हाईल. पण मी द्या बोललो हे त्याला सांगू नका. सांगा कोंडाजीनं शिव्या घातल्या. आन मला लग्नाला बोलवू नका, मी येणार न्हाय. — थांबा. बोलवा. न्हाय बोलवलंत तर तो गुणाजी गावभर सांगत सुटंल, कोंडाजी जळतो म्हणून. व्हय, ह्या वाटेनं सरळ, माडांच्या पलीकडं त्याचं घर हाय. जावा आता. जावा बोललो ना. आन असं बघू नका माझ्याकडं.