हुडकोतून अमेरिका बंद केली

वीस एप्रिल, रविवार. आकाश निरभ्र, सकाळपासूनच लू सुटलेली, कूलरमध्ये पाण्याचा थेंब नाही... आणि असल्या दिवशी, तुम्हाला सांगतो, माझाच संगणक, माझ्याच टेबलावरचा, मी स्वतः बनवलेल्या वेबसाइटच्या दारात मलाच अडवतो आणि विचारतो, आपण माणूस आहात का? अहो, मला! नरहरी देवतळेला! जो भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये दुसऱ्यांचे गेटपास तपासतो त्याला! मी म्हटलं, आहे. तर म्हणतो, सिद्ध करा. नऊ चित्रं दाखवली आणि म्हणाला, यातले झेब्रा क्रॉसिंग ओळखा. मी ओळखले. म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. मग मोटारसायकली आल्या. आता मोटारसायकलीचा आरसा जर शेजारच्या चौकोनात गेला असेल, तर तो चौकोन मोटारसायकलीचा धरायचा की नाही? सांगा ना! मी नियमाने चालणारा माणूस, मी आरसा धरला. तो म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा!

हवामान आधी सांगितलं, माफ करा. सवय आहे. रोजनिशी लिहितो ना, तारीख आणि हवामान झाल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. पण त्या दिवशीचं हवामान लिहून झालं आणि पुढे लिहवेना. लाज वाटते हो सांगायला. पण सांगतो.

त्याचं असं झालं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमागे एक खोली आहे. त्या खोलीत दर रविवारी सत्यभामाबाई ढोबळे मुलांना मराठी शिकवतात. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून शाळेतच आहे. आमची भिलाईची मुलं कशी बोलतात तुम्हाला माहीत आहे, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यात उभी असली की दोन्ही! तर बाई त्यांना जवळ बसवून गोष्टी सांगतात, वाचायला लावतात. आणि आता ती खोली झुंबावाल्यांना पाहिजे. झुंबा! मंडळाचे अध्यक्ष अरुणकुमारजी म्हणाले, भांडण नको, वीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत पंधरा मुलांची नोंदणी झाली तर खोली बाईंची, नाही झाली तर झुंबाची. इथपर्यंत ठीक होतं की नाही? इथपर्यंत सगळं ठीकच होतं. मग मी उठलो. कोणी उठवलं होतं मला? मी म्हणालो, "कागदावर नको. नोंदणी फक्त ऑनलाइन. पारदर्शक!" टाळ्या पडल्या. मला टाळ्या फार पडत नाहीत, म्हणून लक्षात राहिल्या.

वेबसाइट मी बनवली. कोणाकडे शिकायला गेलो नाही, व्हिडिओ बघून शिकलो, बघायचं, थांबवायचं, लिहून घ्यायचं, पुन्हा बघायचं. त्यातच एका व्हिडिओत कळलं की दुष्ट लोक वेबसाइटवर हल्ला करतात. म्हणजे काय करतात? एकाच वेळी हजारो खोटी गिऱ्हाइकं तुमच्या दारात उभी करतात, की खरं गिऱ्हाईक आतच येऊ शकत नाही. आणि यावर उपाय म्हणून ढाल पुरवणारी कंपनी असते. परदेशी. लहान साइटला फुकट. ती कंपनी तुमच्या साइटपुढे पहारेकरी बसवते आणि वर साइटच्या प्रती काढून जगभर ठेवते, म्हणजे जो जिथे असेल त्याला जवळची प्रत पटकन मिळते. आमची साइट एका पानाची! वर गणपती, खाली फॉर्म. आणि तिची प्रत सिंगापूरला, फ्रँकफर्टला, मुंबईला! मी वसुंधरेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आपला गणपती फ्रँकफर्टला आहे." ती म्हणाली, "तिथं गॅसचं सिलिंडर लावून द्यायले कोणी आहे का? इथं संपलं."

तर रविवारी सकाळी नोंदणी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात नरेशचा फोन. नरेश उमरेडकर, आमचा सचिव, तरुण पोरगा, दर वाक्याला हिंदीत उडी मारतो. मी त्याला नेहमी सुधारतो. 'लेकिन' नाही, 'पण'. 'मले' नाही, 'मला'. तो बिचारा हो म्हणतो आणि पुन्हा 'मले' म्हणतो. तर तो ओरडतोय,

"काका! साइटचा जबरदस्त हल्ला होऊन राहिला!"

मी खुर्चीतून उठलोच. "काय सांगतोस! कुठे?"

"सगळीकडं! हुडकोत हल्ला, खुर्सीपारात हल्ला, कुम्हारीपर्यंत हल्ला! अन अमेरिकेतून बी होऊन राहिला, काका!"

"अरे, मग थांबवायला पाहिजे!"

"कावून थांबवता? होऊ द्या ना! मजा येऊन राहिली!"

मजा! तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? संस्थेच्या साइटवर हल्ला होतोय आणि संस्थेचा सचिव म्हणतो होऊ द्या, मजा येऊन राहिली! मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याची बायको रश्मी... झुंबाला जाते! फितुरी! घरातच फितुरी!

लाज वाटते हो सांगायला. पण सांगतो. मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं. शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसकट. "आपल्या संकेतस्थळावर हल्ला सुरू आहे. त्यामागे एक घरभेदी आहे. सचिवपदावरील व्यक्तीने आत्मपरीक्षण करावे." उद्गारचिन्ह मुद्दाम दिलं नाही, संयम दिसावा म्हणून.

मग बसलो लढायला. कंपनीच्या पानावर कोण कुठून येतंय त्याचा नकाशा असतो. बघतो तर खरंच! अमेरिकेतून माणसं, जर्मनीतून माणसं, दुबईतून माणसं... आता भिलाईच्या मराठी वर्गात अमेरिकेला काय रस? मी अमेरिका बंद केली. हो, तसं बटण असतं. आमच्या हुडको कॉलनीत, लुंगी-बनियनवर बसून, एका बोटाने मी अमेरिका बंद केली! काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला. मग जर्मनी बंद केली. मग दुबई. वसुंधरा दारातून म्हणाली, "अहो, जेवून घ्या, हल्लेवाले बी जेवले असतील." मी म्हटलं, "वसुंधरे, युद्ध चालू आहे." ती म्हणाली, "मग मी वरण झाकून ठेवते."

जग बंद झालं तरी गर्दी हटेना. कारण आता सगळ्यात जास्त येणारे होते भारतातून, त्यातही दुर्ग-भिलाईतून! मी ओळखलं, शत्रू जवळच आहे. मग मी ढालीचा शेवटचा दर्जा लावला. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाने आधी चित्रं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं, मगच फॉर्म. आणि वर सूचना लावली, "संकेतस्थळावर हल्ला झाला आहे. कोणीही घाबरू नये."

झालं! शांतता! नकाशा मोकळा झाला. मी वरण-भात जेवलो, तुम्हाला सांगतो, असा चवीने जेवलो की बस.

दुपारी सत्यभामाबाईंचा फोन. "अरे नरहरी, ते तुझं यंत्र मले इचारून राहिलं, मी माणूस हाव का."

"हो म्हणा, बाई."

"म्हटलं ना! तर म्हणते झेब्रा क्रॉसिंग दाखव. मी चष्मा लावून पाहिलं, ते पुसलेलं होतं. पुसलेलं झेब्रा क्रॉसिंग धरू का नको?"

"बाई, धीर धरा, मी तुमच्याच वर्गासाठी लढतोय!"

"लढू नको रे, मले आत घे! अकरा पालकांचे फोन आले मले. कोणीच माणूस निघून नाही राहिलं!"

इथे तरी डोक्यात प्रकाश पडायला नको होता? पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाई, हीच तर शत्रूची चाल असते," आणि फोन ठेवला. ज्या बाईंसाठी लढत होतो त्यांचा फोन मी ठेवला हो! आजही जेवताना आठवतं.

पाच वाजून गेल्यावर मात्र शंका आली, कारण यादी हलतच नव्हती. एक नाव म्हणजे एक नाव नवीन नाही! म्हटलं ढाल जरा सैल करू. तर दारातच कंपनीचा पहारेकरी म्हणतो, आधी तुम्ही माणूस आहात का? तेच ते, सुरुवातीला सांगितलेलं. झेब्रा, मोटारसायकल, आरसा! मग मदतीच्या खिडकीत लिहिलं. लगेच उत्तर आलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" मी हुरळून गेलो, विचारलं, "आपण माणूस आहात का?" तर म्हणे, "नाही, मी आभासी सहायक आहे." बघा! त्याला कोणी चित्रं दाखवली नाहीत, तो सरळ नाही म्हणाला आणि आत बसलाय, आणि मी हो हो म्हणतोय आणि बाहेर उभा! पण सभ्य होता हो. त्याने पायरी-पायरीने सांगितलं, मी केलं, एकदाचा आत शिरलो, ढाल काढली, अमेरिका उघडली... आणि साइट बघतो तर तिच्यावर अजून तीच सूचना, कोणीही घाबरू नये! आणि फॉर्म नाहीच! का? तर जगभरच्या प्रती! मी इथे बदललं, पण सिंगापूरच्या आणि मुंबईच्या प्रतीत ते अजून पोचायचं होतं. सहायक म्हणाला, "बदल लवकरच सर्वत्र दिसेल." लवकर म्हणजे? सहाच्या आत? त्यावर म्हणाला, "आणखी काही मदत करू?"

निकालासाठी हॉलवर पोचलो. हॉल भरलेला! माणसं भिंतीला टेकून उभी, लहान मुलं खिडक्यांत. मी मनात म्हटलं, एवढे लोक कशाला आले? अरुणकुमारजींनी मोठ्या पडद्यावर यादी उघडली. तीन नावं.

"पाल्याचं नाव, चाचणी चाचणीकर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "वय शंभर."

ते मी केलेलं. फॉर्म चालतो का बघायला.

"पाल्याचं नाव, पंधरा दिवसांत दहा किलो वजन घटवा."

झुंबावाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या! कुठल्या तरी गोळ्या विकणाऱ्या यंत्राने भरलं होतं ते. म्हणजे काय, तर पहाऱ्यात सगळा खुर्सीपार अडला आणि यंत्र तेवढं आत गेलं!

"आणि तिसरं, स्वरा नरेश उमरेडकर. सकाळी पहिल्यांदाच भरलेलं. पालक, रश्मी उमरेडकर."

मी खाली बघितलं. फरशी बघितली. फरशीत कुठे जागा आहे का बघितलं.

मागून भूषण उठला. खुर्सीपारचा, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करतो, कपड्यांवर अजून धूळ. म्हणाला, "काका, सुट्टी होऊन आलो, पोराचं नाव टाकावं म्हटलं, तर मोबाईल म्हणे तू मानूस नाय. सुपरवायझर बी दिवसभर तेच म्हणते. म्हटलं आज तरी..." हॉल हसला. तो स्वतःही हसला. मी हसलो असतो तर बरं झालं असतं, पण मी काय केलं? मी उठलो. पुन्हा उठलो! म्हणालो, "बंधूंनो, आपल्यावर हल्ला झाला होता! नरेशला विचारा, त्यानेच सांगितलं!"

नरेश उभा राहिला. चेहरा उन्हाने लाल झालेला. लाल का झालेला, कळलं का? सकाळपासून लू अंगावर घेत तो स्कूटरवर दारोदार फिरला होता, चला, पोरांची नावं टाका म्हणत, आणि अमेरिकेतल्या, दुबईतल्या जुन्या भिलाईकरांना कळवत होता की भाच्या-पुतण्यांची नावं तिकडून टाका. तो हळूच म्हणाला, "काका, हल्ला म्हणजे... हल्ला. हिंदीतला. हल्ला-गुल्ला. लोक बोलून राहिले होते ना जिकडंतिकडं. गाजून राहिली होती आपली साइट. सकाळी पाहून ठेवत होते, नावं जेवणानंतर टाकणार होते. मी ते सांगून राहिलो होतो."

सत्यभामाबाई पहिल्या रांगेत. वळल्या नाहीत, फक्त विचारलं, "नरहरी, किती वर्षं झाली तुले भिलाईत?"

"जन्म इथलाच, बाई."

"हं," म्हणाल्या.

एवढंच हो. 'हं'. त्या रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, मी विरामचिन्हांसकट उत्तर दिलं असतं! पण 'हं'ला काय उत्तर देणार? लाज वाटते सांगायला, सगळ्यांची मराठी सुधारणारा मी, आणि भिलाईतलं प्रत्येक शेंबडं पोर जो शब्द ओळखतं तो मला कळला नाही.

मी अरुणकुमारजींना हात जोडले. "साहेब, माणसं समोर बसली आहेत, डोकी मोजा ना!" ते म्हणाले, "देवतळे, मला काही हरकत नव्हती. पण फक्त ऑनलाइन, असं तुम्हीच ठरवून घेतलंत. सभेच्या इतिवृत्तात आहे. टाळ्यांसकट." एवढ्यात खिशातला फोन वाजला, कंपनीकडून संदेश, "अभिनंदन! आपले बदल आता जगभर लागू झाले आहेत." घड्याळात सहा वाजून गेले होते.

नरेशची माफी मी तिथेच मागितली, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, पानी पिऊन घ्या," आणि बाटली पुढे केली. प्यायलो. काय करणार?

खोली झुंबाला मिळाली. बाईंचा वर्ग रविवारी सकाळी नरेशच्या गच्चीवर भरतो. पटावर एकतीस मुलं आहेत, आणि शेवटी माझं नाव.