रापणीचा वाटा

सकाळी साडेसहाला कराडच्या स्टँडवर कंडक्टरनं धोंडुबाईची पाटी विट्याला जाणाऱ्या गाडीतून खाली ठेवली. रांगेत उभा असलेला लालासाहेब बिडी विझवून ऐकू लागला.

"मावशी, मासळी आत चालायची न्हाई."

"इकत न्हाई घेतली, बाबा. वाटा हाय माझा."

"कसला वाटा?"

"मालवणला लेकीकडं गेलते. किनाऱ्यावर ही लांबलचक जाळं वढत व्हते, रापण म्हणत्यात. मी बी दोर धरला. वढू लागंल त्याला वाटा देत्यात तिथं, पावना का असंना."

"मग तिथंच खायचा हुता."

"घरी आमचं मालक म्हनलं हुतं, दर्यावर तू निस्ती लाटा बघत बसशील. त्येंच्या ताटात वाढायचेत ह्ये बांगडे."

"आवं, पर वास!"

"मिठात घातल्यात. तुज्या तोंडातल्या तंबाकूपरीस बरा हाय वास."

रांग हसली. लालासाहेबही हसला.

"टपावर टाका पाटी."

"आन वाटंत कुनी पळवली तर?"

"मासळी कोन पळवतंय, मावशी?"

"त्ये मला सांगू नगंस. मी बी टपावरच बसते."

"माणूस न्हाई चालत टपावर!"

रांग गाडीत चढली आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. लालासाहेबानं खिडकीतून मागं वळून पाहिलं, तेव्हा धोंडुबाईचा एक पाय टपाच्या शिडीवर होता आणि पाटी तिच्याच डोक्यावर होती.