पेडलवरचा पाय

केडगावच्या गॅरेजात स्कूटरचं पंक्चर काढून होईपर्यंत मोनिका बाकावर बसली होती. शेजारी फिलिपसर आपल्या जुन्या गाडीखाली शिरलेल्या दगडूमिस्त्रीशी बोलत होते.

"ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी गाडी सुसाट सुटली रे. गिअरही निघेना. बांधाला धडकली तेव्हा थांबली."

"थ्रॉटलचा रॉड मोकळा हाय, सर. स्प्रिंग नवी हाय. गिअरची सळई बी सरळ."

"नीट बघ. उद्या नातीला याच गाडीतून चर्चला न्यायचंय. नवरी आहे ती."

"तीनदा बघितलं."

"मग पेडल अडकलं कशानं?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला.

"सर, शुगर किती वर्सं हाय तुमाला?"

"वीस. त्याचा इथं काय संबंध?"

"उजवी चप्पल काढा. आन् तिकडं रस्त्याकडं बघा."

"बघतोय. काय करायचंय ते कर लवकर."

मोनिका बघत होती. मिस्त्रीनं सरांच्या अंगठ्यावर पाना केव्हाचा दाबून धरला होता.

"दाबलाय, सर. पाय पेडलवरच ऱ्हायला, ते बी तुमाला असंच कळलं न्हाई."

सरांनी मान खाली घालून पायाकडं बघितलं.

"दगडू, उद्या गाडी तू चालव. मी मागं, तिच्याजवळ बसतो."