आधी जाळी बघायची

स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर म्हातारा प्लंबर आणि त्याची बायको बसली होती. शेजारी बसलेल्या शिक्षिकेच्या मांडीवर तिच्या स्वतःच्या रिपोर्टचा बंद लिफाफा उलटा पडला होता, पण कान मात्र त्या दोघांकडे होते.

"म्हणजे तुमचा कॅन्सर आता फुप्फुसाशेजारच्या गाठींत पसरलाय."

"पसरला असेल, असं म्हणाले डॉक्टर. अगं, त्या गाठी म्हणजे मोरीची जाळी. काहीही अडकलं की गाठ फुगते. साध्या खोकल्यानेसुद्धा."

"मग सुई कशाला टोचतायत?"

"काय अडकलंय ते बघायला. जाळी न बघता कुणी भिंत फोडतं का?"

"तुम्ही फोडली होती, आपल्याच न्हाणीघराची. आणि आत निघाला काय, तर तुमचा मोजा."

"म्हणून तर सांगतोय, आधी बघू दे."

"आणि कॅन्सरच निघाला तर?"

"तर कुठवर गेलाय ते कळेल, त्याप्रमाणे औषध देतील. फक्त मोज्याच्या वेळी दोन दिवस अबोला धरलास, तसं करू नकोस."

"उलट इतकी बोलेन की कान किटतील तुमचे."

शिक्षिकेने लिफाफा सुलटा केला.

"काका, हा जरा धरता का? मला पर्समधून वाचायचा चष्मा काढायचाय."