चौकोनातली ताई

नाही, मला एक सांगा, फोनवरच्या वर्गात हजेरी लावायला माझा आवाज कशाला लागतो यांना? मी आहे ना तिथे! पडद्यावर चौकोन आहे, चौकोनात नाव आहे, अजून काय, अंगठा उठवू? पण नाही! मॅडम म्हणतात, "माइक सुरू करून जो 'हजर' म्हणेल तोच हजर. तीनदा गप्प बसलात की नाव कमी!" आणि माझं दोनदा झालेलं. तुम्हाला सांगतो, बटण एवढंसं, पण बोट काही पुढे जात नाही!

तुम्ही म्हणाल, वीस वर्षांचा घोडा तू, गॅरेजात दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडतोस, तुला कसली भीती? अहो, गिऱ्हाईक कधी "समीकरण सोडव" म्हणतं का? सातवीत शाळा सोडली मी, आणि ही पोरं पंधरा-सोळाची! म्हटलं, तोंड उघडलं की हसतील. नंतर कळलं, तीही टरकलेली! एकाचा कॅमेरा कायम छताकडे... त्याचा पंखा मी कुठेही ओळखेन, तोंड नाही बघितलं. एका मुलीला सगळी उत्तरं येतात, पण गुपचूप लिहून पाठवते. चाळीस जण, आणि शांतता अशी की स्मशानातसुद्धा... जाऊ दे. ते नको.

मुळात ही शाळा माझी हौस नाही हो, ताईची! माझी मोठी बहीण. मला वाढवायचं म्हणून आठवीतच दप्तर टाकून शिवणयंत्रावर बसली. "मी नाही झाले दहावी, तू हो," म्हणत तिनेच माझं नाव घातलं. आणि वर्ग सुरू व्हायच्या आत स्वतः... चार दिवसांचा ताप. दीड महिना झाला. असं कुणी जातं का? निदान फोनचं तरी निस्तरून जायचं! वर्ग तिच्या फोनवर. फोन नवा घेतला तेव्हा त्याने नाव विचारलं, मी टाकलं 'ताई'. मला तरी तिचं दुसरं नाव कुठे तोंडात बसलंय?

झालं! चौकोनात 'ताई', शेजारी तिचा फोटो. अख्ख्या वर्गाला वाटलं, कुणी मोठ्या बाई शिकायला बसल्यात! ती उत्तरंवाली मुलगी मला लिहिते, "ताई, तुम्हालाही बोलायची भीती वाटते का हो?" आणि मी काय लिहावं? "छे गं! सरळ बोलून टाकायचं!" आता सांगा, असला शहाणपणा शिकवून मी कुठल्या तोंडाने माइक उघडू? बटण एवढंसं, पण बोट काही पुढे जात नाही!

आज शेवटची संधी. गॅरेजच्या कोपऱ्यात बसलोय, हात ग्रीसने माखलेले, मागून शेठ ओरडतोय, "अरे ए विद्वाना, त्या स्कूटरचं इंजिन काय तुझा बाप बसवणार?" इकडे मॅडम, "ताई? ताई, आहात का?"

आहात का म्हणे! डोकंच फिरलं. दाबलं बटण आणि एका दमात म्हणालो, "ताई नाही, मॅडम, गेली ती, मी तिचा भाऊ, माझी हजेरी लावा!"

कुणी हसलं नाही. मग बारीक आवाज आला, "मॅडम... मीसुद्धा हजर." ती मुलगी! आणि तो पंखा हळूहळू वर सरकत गेला... खाली खरंच पोरगा होता हो!

मॅडम म्हणाल्या, "बरं, ते नाव तेवढं बदलून घ्या. पेन्सिलचं चिन्ह आहे बघा, तिथे दाबलं की झालं."

बघितलं. आहे पेन्सिल. बटण एवढंसं... पण बोट काही पुढे जात नाही.

राहू दे म्हटलं. आता आमची ताई रोज दहावीच्या वर्गात हजर! आणि अभ्यास? तो कोण करणार, मीच! जन्मभर माझं सगळं तिने केलं हो... गणित तेवढं माझ्या गळ्यात टाकून गेली!