दाब, धर, सोड

...आणि वर बायको मलाच म्हणते, "तुला साधा पाय दाबता येत नाही?" आता तुम्हीच सांगा! दिवसभर त्या पिकअपमध्ये बसून पाय कोण दाबतोय? मी! कशावर? ब्रेकवर! अहो, गाडीची चाकं काढलेली, गाडी स्टँडवर अधांतरी, तसूभर पुढे जायची शक्यता नाही आणि मी आपला ब्रेक दाबतोय! शेजारचे मास्तर कुंपणावरून बघून गेले. आणि ज्या नजरेनं बघून गेले ना... असो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. पिकअप सासऱ्यांची. सासरे सुतार. जन्मभर कपाटं केली आणि याच गाडीतून घरोघर पोचवली, आणि तुम्हाला सांगतो, एका आरशाला कधी तडा गेला नाही! ब्रेक असा लावायचे की मागच्या कपाटाला वाटावं, आपण अजून दुकानातच आहोत. पण गाडी माझ्या बायकोपेक्षा वयानं मोठी. ब्रेक जुन्या तऱ्हेचे, ड्रमचे, सगळा जोर पायाचा... आणि सासऱ्यांचा गुडघा गेलेला. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर पेडल दाबलं, ते पुरतं दबलंच नाही, गाडी थेट मास्तरांच्या कुंपणात! कोणाला काही झालं नाही हो. पण घरी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "रविवारी भंगारवाल्याला बोलवा. माझा पाय संपला." बस्स. त्यानंतर ताटावर बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. बघवत नव्हतं.

तर बायको काय म्हणाली? "बाबा, पाय नाही बदलता येत. ब्रेक बदलू."

बदलू! म्हणजे कोण बदलणार? गॅरेजवाल्यानं तर गाडी बघूनच हात जोडले, "मॅडम, एवढ्या जुन्या गाडीला आपण हात लावत नाही." मग? मग काय, ही बाई स्वतः शिरली गाडीखाली! अहो, दातांची डॉक्टर आहे ती! दातांची! पण काय सांगू तुम्हाला, असं काम मी जन्मात पाहिलं नाही. दवाखान्यातला तो छोटा गोल आरसा असतो ना, तोंडात घालतात तो... तो घालून चाकामागचा बोल्ट बघत होती! एक बोल्ट गंजून असा घट्ट बसलेला की हलेचना. तर ही त्याच्यावर तेल सोडते, पाना लावते आणि हळूच म्हणते, "थोडंसंच दुखेल हं." आणि आला ना बाहेर! माझी दाढ काढताना मी एवढा शहाण्यासारखा वागलो नव्हतो. जुने ड्रम काढले, पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या, पेडलच्या पुढ्यात बूस्टर बसवला. बूस्टर म्हणजे एक डबा हो, तुमच्या पायाच्या जोरात स्वतःचा जोर मिसळणारा. आणि हे सगळं करताना कपाळावर आठी नाही. मी साधा बल्ब बदलतो तेव्हा घरातले लोक खोली सोडून जातात!

आणि मी काय केलं? दाब, धर, सोड!

म्हणजे असं, की ब्रेकच्या नळीत असतं तेल. त्यात हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तर पाय जातो खाली आणि गाडी जाते पुढे. ती हवा काढायला माणसं लागतात दोन. एक डोकं आणि एक पाय. मी पाय. ती खालून ओरडणार "दाब", मी पेडल दाबायचं. "धर" म्हटलं की धरून ठेवायचं, ती चाकापाशी स्क्रू उघडणार, तेलाबरोबर हवा निघणार, ती स्क्रू बंद करणार, आणि मग "सोड". आधी सोडलं, तर हवा परत आत! दाब... धर... सोड! दाब... धर... सोड! पोटरीचा दगड झाला माझ्या!

शेवटचं चाक. संपत आलेलं. "दाब." दाबलं. "धर." धरलं. तिनं स्क्रू उघडला. आणि मागच्या दारातून सासूबाई, "अगं, सोड ते आता, जेवण गार झालं!"

सोडलं ना मी!

फुर्रर्र! गाडीखालून आवाज, "कोणी सांगितलं सोडायला?"

"तुझ्या आईनं!"

"आई मला म्हणाली!"

"पण शब्द माझा होता ना!"

त्या चाकाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरात 'सोड' शब्दावर बंदी. सासूबाई "नळ सो..." म्हणाल्या, जीभ चावली, आणि "नळाला वाहू दे" म्हणाल्या.

आणि सासरे? गाडीकडे पाठ करून खुर्चीत, तोंडासमोर पेपर. "मला काही बघायचं नाही." पण मी वरून बघत होतो ना! बायको "दाब" म्हणाली की त्यांची चप्पल जमिनीवर दाबली जायची. "धर" म्हटलं की दाबलेलीच. माझ्या आधी! पेपर तसाच, पान एक नाही उलटलं. तेव्हा मला कळलं हो, हवा नुसत्या ब्रेकमधून नाही, सासऱ्यांच्या मनातूनही काढतोय आपण.

शनिवारी चाकं चढली. बायकोनं गल्लीत गाडी फिरवून बघितली, आली आणि किल्ली पुढे केली. "बाबा, तुम्ही."

"मी? छे. जावईबापूंना चालवू दे."

"जावईबापू बाजूला बसतील." मला कोण विचारतंय?

निघालो. हळूहळू. मास्तरांचं कुंपण आलं आणि जुनी सवय हो, सासरे अख्खे उभे राहिले पेडलवर! गाडी जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो. कपाळ दाणकन पुढच्या पत्र्यावर! बायको धावत आली, "लागले? लागले?"

"लागलं ना!" म्हटलं, "केवढं टेंगूळ..."

"तुझं नाही रे, ब्रेक! बाबा, ब्रेक लागले?"

सासऱ्यांनी पुढे जरा गाडी नेली, परत थांबवली. अलगद. मग म्हणाले, "बोटानं लागतो गं. नुसत्या अंगठ्यानं." आणि डोळे पुसले. माझेही भरून आले. मी म्हटलं, कपाळामुळे.

रविवारी, आधीच सांगून ठेवलेला तो भंगारवाला आला. गाडी कुठाय? सासरे कपाट पोचवायला घेऊन गेलेले! मला वाटलं, चिडेल. तो कुठला! सगळी हकिकत ऐकली, आपल्या टेम्पोकडे बघितलं, आणि म्हणतो कसा, "डॉक्टरीणबाई, याचंही पेडल जरा खाली जातं हो..."

तिनं आधी टेम्पोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे, पायाकडे.

काय करता? चढलो टेम्पोत. एकदा पाय दिला की ती 'सोड' म्हणेपर्यंत सोडता येत नाही, तुम्हाला सांगतो!